चुंबकांचा बटवा : कामाच्या नोंदी

14 जून
गेल्या रविवारी नणंदेकडे मुलांनी बाजारातला चुंबकांचा खेळ मांडला होता. टेबलावर दोरीचं कडं आणि प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच चुंबक. आळीपाळीनं एकेक चुंबक कड्याच्या आत ठेवायचा. ठेवताना कुठलेही चुंबक एकमेकांना चिकटले, तर चिकटलेले सगळे आपल्या पदरात. ज्याचे आधी संपतील तो जिंकला. नियम सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. पाचवा-सहावा चुंबक ठेवला की सगळ्यांची डोकी टेबलावर येतात.

तिथंच घोडं अडलं. आबांना तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. ते लांबच्या खुर्चीवर बसून बघत राहिले. जन्मभर कॅरम खेळलेला माणूस, बोटं नुसती चुळबुळत होती. नणंदेचा धाकटा दीड वर्षाचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. त्याला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं, तो रडत होता. एक खेळ मांडला आणि घरातली दोन माणसं बाहेर गेली.

गणपतीत सगळे आमच्याकडे असतात. तोवर दोघांनाही जवळ बसता येईल असा संच घरी करायचा. मी भोसरीत टूलरूममध्ये ड्रॉइंगचं काम करते, त्यामुळे मापांची भीती नाही. चुंबकांचं मात्र पहिल्यापासून शिकावं लागेल.

15 जून
आधी धाकट्याचं. चुंबक गिळणं हे बटण किंवा नाणं गिळण्यासारखं नसतं. एक गेला तर तो बहुतेक वेळा वाट काढतो. दोन गेले, तेही थोड्या अंतरानं, की आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधली आतड्याची भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथं भोक पडतं. ताकदवान चुंबकांनी हे काही तासांतही सुरू होऊ शकतं, आणि वरून दिसतं नुसतं पोटदुखी-उलटीसारखं. हे वाचून झाल्यावर नणंदेला फोन केला आणि तो संच माळ्यावर ठेवायला सांगितला.

खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी एक नळी वापरतात. तिचा व्यास 31.7 मिलिमीटर. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली, तर ती लहान मुलाच्या घशाच्या दृष्टीनं धोक्याची. आज तशी नळी कातून घेतली. कॅरमची सोंगटी टाकली, सर्रकन आत गेली. (नियमाप्रमाणे सोंगटी 3.02 ते 3.18 सेंटिमीटर असते. आमची जुनी झिजलेली आहे.) स्ट्रायकर अडकला.

म्हणून पहिलं माप ठरलं : चुंबक पोटात घेतलेली आपली लाकडी सोंगटी 36 मिलिमीटर. त्याखाली जायचं नाही.

21 जून
तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचं होतं, पण पालख्या मुक्कामाला आहेत आणि पेठांतले रस्ते बंद. बुधवारीच निओडिमियमच्या (फार जोरदार चुंबकांचा प्रकार) चकत्या आणून ठेवल्या होत्या, 10 मिलिमीटर व्यास आणि 3 मिलिमीटर जाडी. त्यांच्यावरच दिवस घालवला.

काचेच्या टीपॉयवर पट्टी चिकटवली. एक चकती शून्यावर, दुसरी उलटी करून लांबून हळूहळू सरकवत आणायची आणि ती कधी उडी मारते ते टिपायचं. वीस वेळा केलं. उडी साधारण 4 सेंटिमीटरवर. पावणेदोन ग्रॅमची ती चकती, पण कडेवर कड आपटली की खट्ट आवाज होतो. सतराव्या वेळी एकीचा टवका उडाला. निकेलच्या चकचकीत मुलाम्याखाली करडी, भाजलेल्या मातीसारखी ठिसूळ कड दिसली. टवका शोधून काढला, तोही पट्टीला चिकटून बसला होता.

एक गोष्ट इथंच नीट समजली. नुसत्या चुंबकांच्या जोरावर कुठलीही मांडणी स्थिर राहू शकत नाही, हे अर्नशॉ नावाच्या इंग्रज गणितज्ञानं 1842 मध्येच दाखवलं होतं. टेबलावर जे काही जागच्या जागी बसलेलं दिसतं, ते घर्षणानं धरून ठेवलेलं असतं. प्रत्येक सोंगटी पळायच्या बेतात असते आणि कापड तिला धरून असतं. म्हणजे हा खेळ जितका चुंबकाचा, तितकाच कापडाचा आणि वजनाचा.

28 जून
आज तपकीर गल्ली. फेराइटच्या काळ्या चकत्या मिळाल्या, 20 बाय 5. दुकानदार म्हणाले, "ताई, या कमजोर असतात, निओच न्या." कमजोरच हव्यात म्हटल्यावर त्यांनी चाळीस मोजून कागदात बांधून दिल्या. तुलनेसाठी 10 बाय 3 च्याही थोड्या घेतल्या.

त्याच मापाचं फेराइट निओडिमियमच्या साधारण एक तृतीयांश ताकदीचं. दोन्ही बाजूंना एक तृतीयांश, म्हणजे ओढ एक नवमांशाहूनही थोडी कमी. मला वाटलं होतं उडी अर्ध्या सेंटिमीटरवर येईल. मोजलं तर अडीच सेंटिमीटर! कारण लहान चुंबकांमधली ओढ अंतराच्या चौथ्या घाताप्रमाणे उतरते. अंतर अर्धं केलं की ओढ सोळापट. उलट बाजूनं बघितलं तर ओढ दसपटीनं उतरवली तरी उडीचं अंतर निम्म्यावरही येत नाही. घर्षणाचंही तसंच. काचेऐवजी कापड घेऊन घर्षण दुप्पट केलं, तर उडी सोळा टक्क्यांनी घटते, बस.

म्हणजे निओडिमियमची गरजच नाही. आज फार बरं वाटलं.

5 जुलै
आबांना घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे. वार्षिक तपासणी होतीच, चकत्या पर्समध्ये नेल्या नाहीत, कागदावर आकडे नेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. पुरेसा जोरदार चुंबक जवळ आला की यंत्र हृदयाची स्वतःची लय ऐकणं थांबवतं आणि ठरलेल्या गतीनं ठोके देत राहतं. चुंबक लांब नेला की सहसा पूर्ववत होतं. डॉक्टर स्वतःही तपासणीत मुद्दाम चुंबक लावतात. 1 मिलिटेस्लापर्यंतच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) स्थिर क्षेत्रानं यंत्रात ढवळाढवळ होऊ नये, असं मानक आहे. मोबाइलला लावतात तोच नियम : 15 सेंटिमीटर लांब, छातीच्या खिशात कधीच नाही, आणि यंत्र डावीकडे असल्यामुळे उजव्या हातानं खेळायचं.

आबांनी विचारलं, "म्हणजे खेळलं तर चालेल?"
"वाकायचं नाही. हात लांब करून खेळा."

परतताना रिक्षात आबा बराच वेळ हात लांब करून बघत होते.

12 जुलै
रविवार पेठेतल्या कातारीबुवांकडून सागवानी सोंगट्यांचा पहिला घाणा आला. सहा नग, 36 मिलिमीटर, बुटक्या, पोटात आडवी चकती. दिसायला देखण्या. खेळायला शून्य. एकीला दुसरी टेकवली तरी ढिम्म.

रात्री गणित मांडलं तर सरळ होतं. या वजनाला उडी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, आणि ते अंतर मध्यापासून मध्यापर्यंतचं. सोंगटीच 36 मिलिमीटर रुंद. म्हणजे कडा एकमेकींना टेकल्या तरी चुंबक एकमेकांच्या टप्प्यात येतच नाहीत. धाकट्याच्या घशासाठी दिलेली रुंदी सगळा खेळ खाऊन टाकते.

दुसरी चूकही सापडली. चकती आडवी असली की सगळ्या सोंगट्यांचं एकच तोंड वर. शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींना ढकलतात, ओढत नाहीत.

13 जुलै
एका सोंगटीतली चकती काढली आणि मातीच्या गोळ्यात उभी खोचली, म्हणजे तिची दोन्ही तोंडं आडव्या दिशेला. असे दोन गोळे केले, बुडं गोल ठेवली. मेणकापडावर ठेवून एक दुसऱ्याकडे सरकवला.

आधी तो जागच्या जागी वळला. अगदी हळू, कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसा. वळून तोंड समोर आलं, क्षणभर थांबला आणि मग सरकला. लेक शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, तो विचार करतोय."

हेच हवं होतं. वळण्यामुळे खेळणाऱ्याला एक क्षण आधी कळतं की आता काय होणार, आणि तेव्हा हात मागे घ्यायचा की तसाच धरायचा हे ठरवावं लागतं. शिवाय तोंडाला तोंड आलं की ओढ बाजूबाजूच्या ओढीच्या दुप्पट होते.

नवा आकार पेढ्याचा. व्यास 36, उंची 28, बूड गोल, कडा गोल.

19 जुलै
सागवानी पेढे आले. वजन 22 ग्रॅम. मेणकापडावर कडेपासून कडेपर्यंत जेमतेम 1 सेंटिमीटरवर हलतात, सुती कापडावर 2-3 मिलिमीटरवर. मुलांना मजा येणार नाही.

मग पोटात एकाऐवजी दोन चकत्या घातल्या आणि खेळ एकदम रंगला. सव्वादोन-अडीच सेंटिमीटरवरून सोंगट्या वळायला लागल्या. लेक आणि तिचे बाबा साडेअकरापर्यंत खेळत होते.

मी मोबाइल घेऊन मोजायला बसले. आखेनच्या विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं फायफॉक्स नावाचं ॲप आहे, ते फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरचं वाचन सरळ मायक्रोटेस्लात (मिलिटेस्लाचा हजारावा भाग) दाखवतं. पुण्यात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र 40 च्या आसपास आहे, ते वजा करायचं. फ्रिजजवळ आकडा भलताच येतो, म्हणून गच्चीवर गेले. तिथं सळ्यांमुळे पुन्हा वेगळा. शेवटी लाकडी स्टुलावर स्टूल ठेवून मोजलं. (कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचंही असंच झालं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर 1904 मध्ये ती अलिबागला हलवली, आणि तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. स्टुलावर स्टूल ठेवताना त्या लोकांची फार आठवण आली.)

आकडे : दुहेरी चकतीच्या वीस सोंगट्या एकाच जागी धरल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे वाईटात वाईट स्थिती. हिशोबानं 1 मिलिटेस्लाची रेषा साडेपंधरा सेंटिमीटरवर येते. डॉक्टरांनी दिलेल्या 15 च्या बाहेर. बटवा छातीशी धरून जिना उतरणारा माणूस डोळ्यापुढे आला.

दुहेरी चकती रद्द.

20 जुलै
लेक रुसली आहे. "तोच चांगला होता." चांगला होताच.

दिवसभर एकच विचार. ताकद वाढवता येत नाही. रुंदी कमी करता येत नाही. उरतं काय? वजन. सोंगटीला धरून ठेवणारं घर्षण तिच्या वजनाच्या प्रमाणात असतं. चुंबक वाढवण्याऐवजी लाकूड हलकं केलं तर?

सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करत. पांगारा सागाच्या निम्म्याहूनही हलका. माहेरी कुडाळला मिरीचे वेल चढवायला कुंपणाला पांगारेच आहेत. दादाला फोन केला. म्हणाला, दोन वर्षांपूर्वी पडलेल्या झाडाचे ओंडके पडवीत कोरडे पडलेत, आईनं त्यावर कोहळे ठेवलेत.

26 जुलै
ओंडका एसटीनं आला. कातारीबुवांनी नखानं दाबून बघितला, नख रुतलं. "हे लाकूड नव्हे, भेंड आहे. हत्यार लावलं की तंतू उपटून येतील." मग स्वतःच म्हणाले, हत्याराला धार नव्यानं लावतो, शेवटचा हात काचकागदानं देतो आणि वर लाखेचे तीन थर चढवतो. फिरत्या सोंगटीवर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनंच लाख वितळते आणि पसरते. पहिली सोंगटी माझ्यासमोर केली. लाल रंग कडेपासून मध्याकडे सरकत गेला आणि केवड्याच्या पानानं पुसल्यावर तिच्यात दुकानाचा दिवा दिसायला लागला.

वजन 15 ग्रॅम. एकच चकती. मेणकापडावर दीड सेंटिमीटरला जरा कमी. कापडावर 6 मिलिमीटर.

काचेवरच्या चकत्यांना पृष्ठभागानं फारसा फरक पडत नव्हता, इथं मात्र दीड सेंटिमीटर आणि 6 मिलिमीटर. कारण अंतरातला मोठा वाटा लाकडानंच खाल्लेला आहे, जे उरतं त्यात थोडा फरकही ठळक दिसतो. म्हणजे एकाच संचात दोन खेळ : कापडावर सोपा, मेणकापडावर अवघड.

3 ऑगस्ट
पाडून बघणे. ओट्याच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर, प्रत्येकी वीस वेळा, पाच सोंगट्या. दोन उघडल्या. चकती बाजूनं घालून वर लाकडी बूच मारलंय, ते निसटलं. आतली 20 मिलिमीटरची चकती धाकट्याच्या तोंडात सहज जाईल अशी. हा दोष क्षम्य नाही.

कातारीबुवांचं मत : पावसाळ्यात बूच फुगलेलं असताना बसवलं, कोरड्या हवेत ते आणखी सैल होईल. बूच वेगळ्या लाकडाचं होतं, तंतूही आडवे. आता बूच पांगाऱ्याचंच, तंतूंची दिशा अंगाबरोबर, दोन ट्यूबवालं एपॉक्सी आत तळापर्यंत भरून, आणि लाख बूच बसवल्यानंतर, म्हणजे सांधा लाखेखाली.

10 ऑगस्ट
पुन्हा पाच, या वेळी चाळीस वेळा. लाखेचे टवके उडाले, उघडली एकही नाही. मग एक सोंगटी पान्यात धरून मुद्दाम फोडली. लाकूड फाटलं, चकती तरीही एपॉक्सीच्या गोळ्यातच राहिली. आता वीस करायला दिल्या.

आईंनी बटवा शिवला. गोल कापड, एका बाजूला खादी, दुसऱ्या बाजूला मेणकापड, कडेनं नाडी. ओढली की बटवा, सोडली की पट. आत जाड पुठ्ठ्याची चार बोटांची भिंत घातली आहे. कुणी बटवा छातीशी धरला तरी सोंगट्या मध्येच राहाव्यात म्हणून. खांद्याला लावायचा बंद आईंनी मुद्दाम लांब ठेवला, बटवा कमरेखाली लोंबतो.

15 ऑगस्ट
मुंबईला जाताना गाडीत प्रयोग. समोरच्या सीटच्या पाठीला असलेल्या छोट्या टेबलावर खादीची बाजू. चिंचवडपर्यंत ठीक. पुढं रूळ बदलताना गाडी हादरली आणि न हात लावता तीन सोंगट्या एकत्र. हादऱ्यानं घर्षणाची पकड क्षणभर सुटते. मेणकापडावर तर गाडीत खेळताच येत नाही. गाडीसाठी घरचा नियम : आपोआप चिकटलेल्या कुणाच्याच नाहीत, त्या बाजूला काढायच्या.

17 ऑगस्ट
कड्याची नाडी 1 मीटर. तेवढ्या नाडीत जास्तीत जास्त जागा वर्तुळात मावते, सुमारे 796 चौरस सेंटिमीटर. नाडी लांबट केली की जागा घटते आणि कोपरे तयार होतात. लेकीनं लगेच शेंगदाण्यासारखं कडं करून मधली चिंचोळी जागा स्वतःसाठी राखली. वीस सोंगट्या वर्तुळात बसतात, शेंगदाण्यात सतराव्यालाच घाम फुटतो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, विकायला काढ. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोची परवानगी आणि तपासणी सक्तीची आहे, आणि ते योग्यच आहे. हा संच घरचा.

24 ऑगस्ट
जेवणाच्या टेबलावर रंगीत तालीम. सोंगट्या एका सरळ रेषेकडे झुकायला लागल्या, चारही जणांच्या. टेबलाखाली वाकून बघितलं : प्लायच्या खाली लोखंडी अँगल. टेबल बदललं, चटई आणि पाट घेतले. पाटाला पितळी फुल्या आहेत, पितळेनं काही होत नाही.

आबांची जागाही ठरवली. हिशोबानं वीसही सोंगट्या एका दिशेला असल्या तरी 15 सेंटिमीटरवर मिलिटेस्लाच्या साधारण निम्मं येतं, 30 वर जेमतेम 70 मायक्रोटेस्ला. मोजलं तर त्याहून कमीच भरलं, कारण सोंगट्या एका दिशेला राहतच नाहीत. आबांसाठी 30 पाळायचे. कड्याच्या कडेपासून दीड वीत अंतरावर खडूनं रेघ मारली.

29 ऑगस्ट
काल रात्री आरतीनंतर अकरा माणसं चटईभोवती. पाचवी-सहावी सोंगटी ठेवल्यावर सगळे वाकले. आबा ताठ बसून, उजवा हात पूर्ण लांब. सोंगटी अंगठा आणि मधल्या बोटात धरून खादीवर टेकवायची, सोडायच्या आधी तर्जनी वर ठेवून ती वळतेय का ते बघायचं, वळली नाही की तर्जनी उचलायची. ही त्यांची स्वतःची पद्धत, कुणी शिकवली नाही. दोन डाव जिंकले. तिसऱ्यात मेणकापड मागून घेतलं.

धाकटा नणंदेच्या मांडीवर होता. एक लाल सोंगटी त्याच्या हाती दिली. त्यानं ती तोंडाकडे नेली, लाखेवर दात लावून बघितले, आत जाईना म्हणून बाहेर काढली आणि पटावर आपटली. सात सोंगट्या एकदम खट्ट. आबा म्हणाले, "त्याच्या वाटणीच्या माझ्याकडे द्या." आणि हात पुढं केला, रेघेच्या अलीकडूनच.

सकाळी सोंगट्या मोजून ठेवल्या. वीस. दोघींच्या लाखेचे टवके उडालेत, अनंत चतुर्दशीनंतर कातारीबुवांकडे न्यायच्या.